दुपारी मोजलेले ठोके

नंदे,

परवाच्या शोकसभेत मी बोलले नाही म्हणून तुझे अरविंदराव नाराज आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी "आता ताईंच्या शाळेपासूनच्या मैत्रीण, वासंतीताई" असं म्हणून माईक माझ्याकडे पाठवलासुद्धा. मी मान हलवली, माईक पुढच्या रांगेत गेला. लोकांना वाटलं, मला रडू आवरत नाहीये. रडू येत नव्हतं. राग येत होता. तुझ्या नवऱ्यासमोर, हार घातलेल्या तुझ्या फोटोसमोर त्या रागातलं एक वाक्यही बोलायची माझी तयारी नव्हती.

तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले आणि बहुतेक खरंही बोलले. जिवंत प्राण्याला न चिरता त्याच्या आत पाहता यावं म्हणून ही बाई आयुष्यभर उपकरणं बनवत राहिली, असं तुझ्या जुन्या सहकाऱ्याने सांगितलं. ते खरं आहे. मग शेवटी एक गृहस्थ उठले. "नंदाताईंच्या उपकरणामुळे औषधाने हृदय कसं शांत होत जातं, हे आपण एकेका पेशीपर्यंत पाहू शकलो," असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! आपली प्राजक्ता तिसऱ्या रांगेत बसली होती. तिचे हात मांडीवर होते. तिने ते उचलले नाहीत.

हे खरं नव्हतं. आणि ते खरं नाही हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं, कारण ज्या दुसऱ्या व्यक्तीला माहीत होतं ती फोटोत होती.

तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. इतक्यात तुझ्यावर रागवायला नको, असं कुणीही म्हणेल. पण मी आजवर तुझ्यावर कधी वेळेवर रागावले नाही. त्याचंच हे सगळं झालं आहे.

अकरावीत कल्याणला आपल्याला बेडूक चिरायला दिले होते, आठवतं? मी नीट चिरला, टाचण्या टोचल्या, अवयवांची नावं लिहिली. तू ट्रे तसाच मागे सरकवलास आणि बाईंना म्हणालीस, "बाई, मला याचं हृदय चालताना बघायचंय. चिरल्यावर थोडाच वेळ चालतं ना?" बाई म्हणाल्या, "मग एक्स-रेचे डोळे घेऊन यायचे होतेस घरून." सगळा वर्ग हसला. तू हसली नाहीस. तू ते डोळे बनवायला निघून गेलीस. मी प्राणिशास्त्रात राहिले आणि डोंबिवलीच्या कॉलेजात बत्तीस वर्षं बेडूक, झुरळ आणि मासा शिकवत राहिले.

मी निवृत्त झाले त्याच महिन्यात तुझा फोन आला. "वासे, माझ्याकडे लेझर आहे, काचा आहेत, कॅमेरा आहे. मासे सांभाळायला कुणी नाही. तू ये."

"मी काय तुझी कोळीण?"

"कोळणीला मेलेले चालतात. मला जिवंत हवेत. म्हणून तू."

मग आठवड्यातले चार दिवस मी कोपरहून वर्तकनगरला येऊ लागले, तुझ्या त्या गाळ्यात. शेजारी पत्र्याचे डबे ठोकणारा कारखाना आणि आत आपल्या टाक्या, पट्टेरी मासे, त्यांची पिल्लं. चार दिवसांचं पिल्लू तांदळाच्या कणीएवढं लांब आणि काचेसारखं पारदर्शक. त्याच्या हृदयाच्या पेशी विशिष्ट प्रकाशात हिरव्या चमकतील अशी ती जात. ती तू आणवलीस, वाढवली मी.

आणि तुझा पाळणा. दोन काचांमध्ये केसासारखी बारीक वाट, तिच्यातून सतत वाहणारं पाणी, आणि मधोमध पिल्लू कुशीवर निजेल एवढीच जागा. बाजूने पापुद्र्यासारखा पातळ प्रकाश पिल्लाच्या आरपार जायचा आणि समोरचा कॅमेरा त्या एका थराचं चित्र टिपायचा. थरामागून थर. पहिल्यांदा पडद्यावर ते हृदय दिसलं तेव्हा मी खुर्चीवरून उठले. बत्तीस वर्षं मी फळ्यावर हृदय काढलं होतं, दोन कप्पे, दोन बाण. हे हृदय आकसत होतं, फुलत होतं, आणि त्यातली एकेक पेशी वेगळी दिसत होती. पिल्लू जिवंत होतं. काम झाल्यावर आपण त्याला परत टाकीत सोडलं आणि ते निघून गेलं. त्या एका दिवसासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे. हे मी तुला सांगितलं नाही. मी म्हणाले, "बरं जमलंय." तू म्हणालीस, "मास्तरणीने पास केलं."

पिल्लाला पाळण्यात निजवायचं काम प्राजक्ताचं. कल्याण पूर्वेची मुलगी, एमएस्सी झाल्या झाल्या तुझ्याकडे आलेली. काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवायचा आणि त्या केसाने पिल्लाला ढकलत ढकलत जागेवर न्यायचं. माझा हात थरथरायचा, तुझा धीर सुटायचा. ती श्वास रोखून एका झटक्यात निजवायची. "हात बघा माझे," म्हणायची, "आमच्या आईचे आहेत. ती मण्यांची कामं करते." तू म्हणायचीस, "या मुलीचे हात विम्यात ठेवले पाहिजेत."

भांडण तर आपलं रोजचंच. तुला पेशी हवी होती, मला मासा.

"वासे, बघ गं, ही एकटी पेशी उशिरा आकसतेय!"

"आणि मासा काय करतोय?"

"मासा तिथेच आहे."

"तिथेच आहे म्हणजे कसा आहे?"

"हा खास प्राण्यांच्या बाईचा प्रश्न," असं म्हणून तू पुन्हा पडद्याकडे वळायचीस. मला त्याचा राग यायचा नाही तेव्हा. मजा वाटायची.

एका औषधाने ठोके कमी होतात का, हे आपण पाहत होतो, आणि कामाचा क्रम तू ठरवून दिला होतास: आधी साध्या पाण्यातली पिल्लं, मग औषध दिलेली. प्राजक्ताने तो भिंतीवर लिहून लावला होता. कारण अगदी योग्य होतं. औषधाचा अंश त्या बारीक वाटेत चिकटून राहिला तर नंतरच्या साध्या पिल्लांना लागेल. म्हणून साधी सकाळी, औषधाची दुपारी. एक दिवसही हा क्रम मोडला नाही. तू काटेकोर होतीस, मी काटेकोर, ती पोर आपल्यापेक्षा काटेकोर.

लेझर सुरू केला की खोली तापायची आणि कॅमेऱ्याचं चित्र खराब व्हायचं. म्हणून लेझरबरोबर एसी लागायचा. सकाळी खोली बरी असायची. दुपारी दोनपर्यंत अशी गार पडायची की मे महिन्यातही आपण तिघी स्वेटर घालून बसायचो. शेजारच्या कारखान्यातला माणूस एकदा डोकावून म्हणाला, "मॅडम, महाबळेश्वर का?" आपण केवढ्या हसलो. तिघी स्वेटर घालून, हातात गरम चहा घेऊन, थंडगार पाण्यातल्या पिल्लांच्या हृदयाचे ठोके मोजत होतो आणि औषधाने ठोके कमी झाले म्हणून लिहून ठेवत होतो.

मासा शीतरक्ती असतो. पाणी गार झालं की त्याचं हृदय सावकाश चालतं. हे मी बत्तीस वर्षं दहावी होऊन आलेल्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवलं. परीक्षेत दोन गुणांना विचारलं. आणि माझ्या नाकासमोर ते रोज घडत होतं तेव्हा मी स्वेटरची बटणं लावत होते. नंदे, तुझ्यावर रागावण्याआधी हे लिहायलाच हवं होतं.

लेख छापून आला. आपल्या तिघींची नावं, प्राजक्ताचं सगळ्यात आधी. त्याच्या जोरावर प्राजक्ताला मोठ्या संस्थेत पीएचडीला जागा मिळाली. ती पेढे घेऊन आली, तुझ्या पाया पडली, माझ्या पडली. जाताना तू तिला एक नवा पाळणा बनवून दिलास.

मग आठ महिन्यांपूर्वी आपला एसी बंद पडला. मेकॅनिक उद्या येतो, उद्या येतो करत तीन दिवस आला नाही. तू कॅमेऱ्यावर टेबलफॅन सोडलास आणि काम चालू ठेवलंस. औषधाच्या पिल्लांचे ठोके कमी होईनात. तू म्हणालीस औषध खराब झालं. नवं काढलं, तरी तेच. चौथ्या दिवशी एसी दुरुस्त झाला आणि ठोके पुन्हा कमी झाले. तू खूश झालीस. मी मात्र टाकीचा थर्मामीटर उचलला आणि पाळण्यातून बाहेर येणाऱ्या पाण्यात धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धरला, दुपारी पुन्हा. सहा अंशांचा फरक.

मी नुसता कागद तुझ्यापुढे ठेवला. तू तो बराच वेळ पाहिलास आणि स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलास.

"सगळे?" तू विचारलंस.

"दुपारचे सगळे."

"औषध काहीच करत नाही?"

"करतही असेल. आपल्याला माहीत नाही. आपण थंडी मोजली."

त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला. तू सबब सांगितली नाहीस. "मी लिहिते संपादकांना," म्हणालीस. "पंधरा दिवस दे. पाळण्याखाली तापमान धरून ठेवणारी बैठक बसवते, नीट आकडे काढते, मग चूक आणि दुरुस्ती एकदमच पाठवू. नुसती चूक कळवली तर लोक निष्कर्षाबरोबर पाळणाही फेकून देतील. पाळण्याचा काही दोष नाही, वासे."

हे म्हणणं मला पटलं. आजही थोडं पटतं. पाळण्याचा खरंच दोष नव्हता. दोष पेशीत डोकं घालून बसलेल्या बाईचा होता आणि मासा कसा आहे हे रोज तोंडाने विचारणाऱ्या, पण हात लावून न बघणाऱ्या बाईचा होता.

पंधरा दिवसांचा महिना झाला. बैठकीची तार तापायची नाही. मग तापली तर थांबायची नाही. मग दिवाळी आली. आणि मग प्राजक्ताचा फोन आला. तू तो स्पीकरवर ठेवलास, कारण तुझ्या हातात पेचकस होता. मी समोरच मासे मोजत होते.

"मॅडम, इथे होतच नाहीये. तोच पाळणा, तेच औषध. ठोके कमीच होत नाहीत. मी काय चुकतेय?"

तिच्या संस्थेत पाळण्याखाली तापमान धरणारी बैठक आधीपासूनच होती. तिचं काहीच चुकत नव्हतं. त्या फोनवर ती एकटीच बरोबर होती.

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता सांगेल. तू म्हणालीस, "पुन्हा एकदा करून बघ. नवी जागा आहे, हात बसायला वेळ लागतो."

"हो मॅडम," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "नंदे, हे काय बोललीस?"

"बैठक झाली की मीच जाऊन सांगणार आहे तिला. फोनवर कसं सांगू, दोन वर्षं तू थंडी मोजलीस म्हणून?"

"तिच्या हातांवर ढकललंस तू."

"चार दिवसांचा प्रश्न आहे गं."

आणि मी गप्प बसले. माझ्याकडे तिचा नंबर होता. एक फोन केला असता तर झालं असतं. तुझं उपकरण, तुझं नाव, तुझी बैठक म्हणून मी थांबले. आपल्या इतक्या वर्षांच्या मैत्रीत भांडण झालं की शेवटचा शब्द तुझा असायचा. मला त्याची सवय होती, ती आरामाची होती. माझ्या आरामासाठी ती मुलगी महिनेच्या महिने आपले हात तपासत बसली.

मग तू गेलीस. सकाळच्या चहाचा कप अर्धा ठेवून. मरणाची वेळ माणसाच्या हातात नसते हे मला कळतं. पण पत्र पाठवण्याची होती. बैठक अर्धवट, पत्र लिहिलेलंच नाही. तुझ्या संगणकात मी शोधलं, मसुद्याची एक ओळसुद्धा नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा तुझा खरा राग आला. पंधरा दिवस पंधरा दिवस म्हणत तू एक ओळही लिहिली नव्हतीस!

परवा सभेनंतर तुमच्या घरी गेले. अरविंदरावांनी स्मरणिका काढायचं ठरवलंय. "वासंतीताई, तुमची दोन पानं हवीत," म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते खिडकीजवळ उभे राहिले, पाठमोरे.

"ती असती तर तिने केलंच असतं ना हे?"

"ती असती तर तिने आणखी पंधरा दिवस मागितले असते."

"तुम्ही फार कठोर बोलताय, ताई. माणूस गेलंय."

"माणूस गेलंय, अरविंदराव. मुलगी आहे ना अजून."

त्यांनी मला चहाही विचारला नाही. मी त्यांना दोष देत नाही. ही काही त्यांना हवी होती ती दोन पानं नव्हेत.

आणि काल मी कल्याणला प्राजक्ताच्या घरी गेले. तिच्या आईने दार उघडलं. "बरं झालं आलात मॅडम. तुम्ही तरी समजवा हिला. ताट समोर ठेवलं की उठून जाते. बोलते, माझे हात खराब झाले. आता हातांना काय झालंय, चांगले तर आहेत!"

"आई, तू जरा आत जा ना."

मी सांगितलं. एसी, पाणी, सहा अंश. प्राजक्ता ऐकत होती. मग तिला हसू आलं, खरंखुरं. "एसी? म्हणजे मॅडम, आपण स्वेटर घालून... माझा तर निळा होता!" हसता हसता ती थांबली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"आठ महिने झाले."

"म्हणजे मी फोन केलेला, दिवाळीनंतर..."

"कळलं होतं."

"तुम्ही होता तिथे? तेव्हा?"

"समोर होते."

ती उठली, परत बसली. "सर बोलले, जुन्या वह्या घेऊन ये. सगळ्या ग्रुपसमोर बोलले. मी समजले ना ते काय बोलतायत. तेव्हा आलं आणि आता येत नाही, म्हणजे तेव्हा आकडे बनवले. सगळेच समजले. पुढच्या आठवड्यात कमिटी आहे माझी. आणि तुम्ही मला सांगत होता, हात बसू दे." मग फार हळू म्हणाली, "नंदा मॅडम मला आईसारख्या होत्या."

मी क्षमा मागितली. ती तिने दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटावं असं काही मी केलेलं नाही.

संपादकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा मी बरोबर नेला होता. तिने वाचला. "अलीकडे आमच्या असं लक्षात आलं," या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"अलीकडे म्हणजे कधी?"

"प्राजक्ता, नंदाचं नाव..."

"मॅडम, माझ्या नावाचं काय? तारीख घाला ना."

तिने वहीतलं कोरं पान फाडून माझ्यासमोर ठेवलं. मी पुन्हा लिहिलं. थर्मामीटर धरला तो दिवस लिहिला. त्या दिवशी दोन लेखिकांना चूक कळली होती आणि त्यांनी तिसरीला कळवली नाही, हेही लिहिलं. ज्या पिल्लांवर हा निष्कर्ष उभा होता ती पहिल्या लेखिकेने अचूक हातांनी ठेवली आणि अचूक मोजली होती, हेही. पाळण्याबद्दल एक परिच्छेद लिहिला, तापमान धरल्यास तो निर्दोष चालतो असा. तो मी तुझ्यासाठी लिहिला, आणि प्राजक्ताने त्यातला एकही शब्द बदलला नाही. "हे खरं आहे," एवढंच म्हणाली. एक प्रत तिने तिथल्या तिथे आपल्या सरांना पाठवली. कमिटी काय म्हणेल माहीत नाही. निघताना तिची आई म्हणाली, "जेवून जा." प्राजक्ताने मला थांबा म्हटलं नाही. मी थांबले नाही.

पत्र काल दुपारी गेलं. आज सकाळी नियतकालिकाचं उत्तर आलं: दुरुस्ती छापण्यासाठी तिन्ही लेखिकांची संमती हवी, प्रत्येकीला स्वतंत्र मेल पाठवला आहे. माझी मी लगेच दिली. प्राजक्ताची दहा मिनिटांत आली. यादीत आमच्या दोघींच्या नावांपुढे "प्राप्त" दिसतंय. तुझ्या नावापुढे "प्रतीक्षेत".

तू गेलीस हे मी त्यांना कळवणार आहे. त्याची काही पद्धत असेलच, अरविंदरावांची सही लागेल, मी ती मागेन आणि ते देतील. पण आज नाही कळवत. त्या मुलीने तुझ्या एका ओळीसाठी आठ महिने वाट पाहिली. एक दिवस तुझं नाव तिथे तसंच थांबू दे.